परसातला हौद आणि गोल्डफिशची पिल्ले: मित्रास पत्र

सोलापूर,
दि. १८ फेब्रुवारी

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. जुळे सोलापुरातल्या नव्या घराच्या परसात हौद बांधून त्यात गोल्डफिशची पैदास करण्याचा तुझा बेत मला मनापासून आवडला. हौद केवढा असावा, मासे कोणते घ्यावेत आणि ते अंडी केव्हा घालतील, हे तू विचारले आहेस. या सगळ्याच्या आधी सुटायला हवा असा एक प्रश्न मात्र राहिला आहे: एका वेळच्या अंड्यांतून निघालेली किती पिल्ले तू नीट वाढवू शकशील? भरलेली मादी शेकड्यांनी, कधी हजारांनी अंडी घालते. त्यामुळे अंडी मिळवणे हे या छंदातले सर्वांत सोपे काम आहे. खरी कसोटी लागते ती पिल्ले पोहायला लागल्यावर.

आधी हौदाचे पाहू. तुझ्या प्लॉटची जमीन काळी आहे, आणि काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट बांधलेला हौद एकदोन वर्षांत तडकण्याची भीती असते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदून घे आणि तळाला लोखंडी जाळी घालूनच काँक्रीट कर. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि अडीच ते तीन फूट खोल एवढा हौद केलास, तर साडेचार हजार लिटरच्या आसपास पाणी मावेल आणि दहाबारा मोठे मासे त्यात सुखाने राहतील. नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो. त्यामुळे मासे सोडण्यापूर्वी काही आठवडे हौद भरून ठेवायचा, रिकामा करायचा आणि पुन्हा भरायचा, एवढा धीर धर.

आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येते, याचा सगळ्यांना त्रासच होतो. माशांच्या बाबतीत मात्र साठवणीची ही सवय उपयोगी पडते, कारण उघड्या टाकीत दोन दिवस राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन बहुतेक उडून जातो. बोअरचे पाणी जड असले तरी गोल्डफिशला ते मानवते. पण ते उपसल्याबरोबर हौदात न सोडता उंचावरून धार धरून सोडावे, म्हणजे त्यात हवा मिसळते.

आपला खरा वैरी उन्हाळा. वीस अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. तीस अंशांवर तो साडेसातवर येतो. शिवाय पाणी जितके गरम आणि जितके अल्कधर्मी, तितका माशांच्या मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया अधिक विषारी ठरतो, आणि सोलापुरात एप्रिल-मेमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. म्हणून हौदाचा निम्मा भाग तरी झाडाच्या किंवा हिरव्या जाळीच्या सावलीत असू दे, खाणे कमी ठेव आणि हवेचा पंप रात्री बंद करू नकोस. रात्रभर शेवाळ आणि पाणवनस्पतीही प्राणवायू वापरतात, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी उरतो.

मासे निवडताना साधे गोल्डफिश, लांब शेपटीचे कॉमेट किंवा ठिपकेदार शुबंकिन घे. मोठ्या डोक्याचे ओरांडा दिसायला देखणे असतात, पण ते संथ पोहतात, आणि चपळ कॉमेटबरोबर ठेवले की खाण्यात मागे पडतात. शुबंकिनचे एक वैशिष्ट्य तुला आवडेल. ठिपकेदार नर आणि ठिपकेदार मादी यांची पिल्ले सगळीच ठिपकेदार निघत नाहीत: साधारण निम्मी आईबापांसारखी होतात, पाव चकचकीत खवल्यांची आणि उरलेली पाव फिकट, चमक नसलेली. चकचकीत माशाची जोडी त्या फिकट माशाशी लावली, तर मात्र जवळजवळ सगळी पिल्ले शुबंकिनसारखी येतात. त्यामुळे दुकानदार ज्या फिकट माशाला बाजूला काढतो, तो पैदास करणाऱ्याच्या दृष्टीने फार मोलाचा असतो.

हंगामाचे म्हणशील, तर जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उलगडून थंडी ओसरू लागली की मासे हालचाल दाखवू लागतात. गार पाणी हळूहळू वीस अंशांच्या वर चढणे, हाच त्यांना इशारा असतो. नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेवर बारीक पांढरे दाणे उठतात. नवखे लोक त्यांना रोग समजून औषध ओततात. पण रोगाचे ठिपके अंगभर, वेडेवाकडे पसरतात, आणि हे दाणे ठरावीक जागीच असतात.

या आठवड्यात माझ्या हौदात अंडी पडली. उजाडण्याच्या सुमारास तिघे नर एका मादीच्या मागे लागले होते. ते तिच्या पोटाला डोक्याने ढुसण्या देत तिला कडेच्या जलपर्णीच्या मुळांत रेटत होते आणि पाणी काठाबाहेर उडत होते. मध्येच ती अंग थरथरवून मुळांवर अंडी सोडायची, आणि मागचे नर लगेच तिथे येऊन भिडायचे. ऊन चढेपर्यंत हे चालू होते. मुळे उचलून पाहिली, तेव्हा खसखशीएवढी पारदर्शक, किंचित पिवळसर अंडी तंतूंना चिकटलेली होती. जलपर्णी नको असेल, तर नायलॉनची दोरी उसवून तिचे झुबके सोड. आपल्या गावात सुताला तोटा नाही. पण सुती धागा पाण्यात कुजतो आणि रंगीत असेल तर रंगही सोडतो, म्हणून तो वापरू नकोस.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मी अंडी चिकटलेल्या मुळांचा एकच झुबका उचलून वेगळ्या टबमध्ये ठेवला आणि बाकीची अंडी हौदातच राहू दिली. आईबाप ती बहुतेक सगळी खाऊन टाकतात. तुला हे कठोर वाटेल, पण मला तसे वाटत नाही. सगळी अंडी वाचवून हजारभर पिल्ले एका टबात कोंडायची आणि महिनाभर ती अमोनियाने, उपासमारीने रोज थोडी थोडी मरताना पाहायची, हे मला अधिक कठोर वाटते. आपल्याकडे टब किती, पाणी बदलायला सवड किती, वाढलेले मासे घेणारी घरे किती, याचा हिशेब अंडी पडण्यापूर्वीच व्हायला हवा. फळत नाहीत ती अंडी दुधाळ पांढरी होतात आणि त्यांच्यावर कापसासारखी बुरशी चढते. ती वेळीच काढ, नाहीतर शेजारची चांगली अंडीही जातात.

या दिवसांत तीनचार दिवसांत अंडी फुटतात. पिल्ले आधी टबाच्या भिंतीला नुसती चिकटून राहतात आणि पोटातल्या बलकावर जगतात. तोपर्यंत त्यांना काहीही घालू नये. ती मोकळी पोहू लागली की सूक्ष्म शेवाळाने हिरवे झालेले पाणी, मलमलच्या फडक्यातून गाळलेला उकडलेल्या अंड्याचा बलक आणि मिठाच्या पाण्यात दिवसभरात उबणारी आर्टेमियाची (कोळंबीसारख्या एका बारीक जीवाची) पिल्ले, असा आहार थोडा थोडा, दिवसातून अनेकदा द्यावा. बलक जरासा जास्त झाला तरी पाणी नासते. टबात पाणी वीतभरच असावे आणि वर मच्छरदाणीचे कापड ताणलेले असावे, कारण इतक्या लहान पिल्लांना डासांच्या अळ्या खाता येत नाहीत, आणि चतुराने तिथे अंडी घातली तर त्याच्या अळ्या पिल्लेच फस्त करतात.

पिल्ले आधी मातकट रंगाची असतात. दोनतीन महिन्यांनी पोटाकडून केशरी रंग चढू लागतो. काहींना त्यासाठी वर्षही लागते आणि काही जन्मभर तशीच राहतात. एक विनंती आग्रहाने करतो: जास्त झालेली पिल्ले सिद्धेश्वर तलावात, संभाजी तलावात किंवा हिप्परग्याला कधीही सोडू नकोस. हा मासा मूळचा चीनचा. तो मोकळ्या पाण्यात मोठा होतो, तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि आपल्या माशांच्या तोंडचे अन्न पळवतो.

हौदावर खंड्या आणि ढोकरी येणारच, तेव्हा जाळीसाठी कडेला हुक आताच बसवून घे. काँक्रीट वाळल्यावर भोके पाडणे बरे नव्हे. माझ्या टबातल्या पिल्लांपैकी सहा तुझ्यासाठी राखून ठेवतो. दिवाळीच्या सुमारास तू इकडे राहायला येशील, तोवर ती हौदात सोडण्याजोगी होतील.

सौ. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत