वांकानेर हाऊसच्या गेटवर एक पाटी लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा भाच्याला घेऊन ब्रीच कँडीला गेलो होतो, भुलाभाई देसाई रोडवर लिंकन हाऊसपाशी आलो तर तो विचारतो, मामा ह्या गेटच्या आत काय आहे? मी म्हटलं अमेरिकेची वकिलात होती, व्हिसा मिळायचा इथे. आणि त्याच्या आधी? मला सांगताच येईना. आमची आत्या व्हिसासाठी पहाटेपासून ह्याच फुटपाथवर रांगेत उभी होती, आम्ही तिला डबा द्यायला आलो होतो, पण हा एका राजाचा वाडा आहे हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

घरी येऊन शोधलं. मूळ नाव वांकानेर हाऊस, काठियावाडातल्या वांकानेर संस्थानच्या महाराजांनी 1930 च्या दशकात बांधलेला, आर्किटेक्ट क्लॉड बॅटली. हे बॅटली म्हणजे जे. जे. च्या आर्किटेक्चर कॉलेजचे प्रिन्सिपॉल, आपलं मुंबई सेंट्रल स्टेशनपण त्यांचंच! 1957 ला वाडा 999 वर्षांच्या लीजवर अमेरिकेकडे गेला आणि 2011 ला कॉन्सुलेट बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, जाईपर्यंत तिथेच होतं. मग 2015 ला 750 कोटींच्या सौद्याची बातमी आली आणि पुढे तो सौदा सरकारी परवानग्यांत वर्षानुवर्षं अडकला, बातम्या सगळ्या पैशाच्याच, वाड्याबद्दल दोन ओळी नाहीत.

गंमत नाही, वाईट वाटतं म्हणून सांगतो, मलबार हिलचं जिना हाऊससुद्धा बॅटलींचंच, 1936 चं. तेही फाळणीनंतर बरीच वर्षं ब्रिटिश वकिलातीकडे होतं. सप्टेंबर 1944 मध्ये गांधीजी आणि जिनांची बोलणी झाली ती त्याच घरात, एवढी मोठी गोष्ट, पण शाळेच्या मुलांना ते घर आतून बघायला मिळत नाही.

वांकानेरचा वाडा कोणाच्याही मालकीचा असू दे, तो ग्रेड थ्री हेरिटेज आहे, शहराच्या वारसा वास्तूंच्या यादीत तिसऱ्या श्रेणीत, म्हणजे शहराचा त्यावर थोडा तरी हक्क आहे की नाही? महापालिकेच्या हेरिटेज कमिटीने मालकांशी बोलून वर्षातून एक दिवस तरी आवार उघडायला लावावं. ते होईल तेव्हा होईल, पण गेटबाहेर पाटी लावायला काय अडचण आहे? मराठीत हवी, बांधणाऱ्याचं आणि आर्किटेक्टचं नाव हवं, आणि वांकानेर हाऊस हे नाव सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात.

आपला,
एक वाचक, गिरगाव