दत्त्या, तुझ्या गाईवरून कांगारू आठवलं

दत्त्या भावा,

परवा फोनवर म्हणालास ना, गाय व्यायल्याला सहा महिने झाले तरी माजावर येईना, वैरण नाही, पाऊस नाही, तेव्हा मला काही बोलता आलं नाही. आता सुचलंय म्हणून लिहायला बसलोय, लांबेल जरा, चहा घेऊन वाच.

मागं आम्ही सिडनीहून गाडीनं ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागात, ब्रोकन हिलला गेलो होतो, अकराशे किलोमीटरच्या वर. लाल माती, खुरटी झुडपं, आपल्या माणदेशातनं चाललोय असंच वाटायचं, फक्त रस्त्यात शेरडांऐवजी लाल कांगारू. तिकडं पावसाला काही धरबंदच नाही. आपण निदान मृगाची, आर्द्राची वाट तरी बघतो, तिथं तेही नाही. म्हणून या कांगारू बाईनं विणीचा हंगामच ठेवला नाहीये, वर्षात कधीही. ३३ दिवसांत व्यायली, पिल्लू जेमतेम १ ग्रॅमचं, शेंगदाणाच म्हण, ते सरपटत पिशवीत जाऊन सड धरतं आणि दोन-एक दिवसांत आई परत गाभण! पण हा दुसरा गर्भ शंभरेक पेशींचा झाला की थांबतो, पॉज दाबल्यासारखा, पिशवीतलं पितंय तोवर तसाच. शिवाय बाहेर उड्या मारणारं थोरलं असतंच, ते नुसतं डोकं आत घालून पितं, त्याला एका सडातून जास्त स्निग्ध दूध आणि धाकट्याला दुसऱ्यातून पातळ, एकाच वेळी! तुमच्या डेअरीवाल्याला दाखवायला पाहिजे.

आता दुष्काळ पडला की दूध आटतं आणि पिशवीतलं पोर मरतं. पिणं थांबलं की तो थांबलेला गर्भ चालू होतो, महिनाभरात नवा शेंगदाणा हजर, त्याला दूध लागणार ते किती. तोवर पाऊस आला तर जगलं, नाहीतर तेही गेलं. फारच लांबलं तर ती माजावर येणंच बंद करते, आणि पाऊस पडून हिरवं फुटलं की थोड्याच दिवसांत परत सुरू.

बायको म्हणाली, काय निर्दयी आई आहे ही. मी म्हटलं, अगं आईच मेली तर पिशवीतलं कुणाच्या जिवावर जगणार? ती वीसेक वर्षं जगू शकते, एका वाईट सालापायी जीव कशाला घालवेल. ऑस्ट्रेलियातच अँटेकायनस म्हणून उंदराएवढा प्राणी आहे, त्याचे नर एकाच मोसमात माजाच्या भरात सगळेच्या सगळे मरतात, मटक्यात घरदार लावणाऱ्यांसारखे. पण त्यांना दुसरं साल बघायला मिळायची आशाच कमी.

तर तुझ्या गाईचंही मला तेच वाटतंय. अंगावर मांस नाही, वर तू दूध काढतोयस, मग शरीर म्हणणारच आत्ता नको. डॉक्टरला दाखवच, पण खुराकाचं आधी बघ. कांगारूला बँकेचा हप्ता नसतो हे मलाही कळतं रे, म्हणून शहाणपणा शिकवत नाही. आणि एल निनो आला की ऑस्ट्रेलियातही बहुतेक वेळा कोरडं आणि आपल्याकडंही बऱ्याचदा बोंबच.

काकूंना नमस्कार सांग. गाय माजावर आली की मेसेज टाक, रात्रीचे दोन वाजले असले तरी चालेल.

तुझा,
बाळ्या