चित्रांवरचे दिवे माणसांवरही वळू द्या

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : तालुक्याच्या ठिकाणच्या लहान सभागृहांतील ट्रॅकलाइट (छतावरच्या पट्टीवर सरकवता-वळवता येणारे दिवे) रंगमंचासाठी वापरू देण्याबाबत, तसेच नवीन कामांच्या अंदाजपत्रकात तशी तरतूद करण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी आमची हौशी नाट्यसंस्था आहे आणि तिच्या प्रयोगांची प्रकाशयोजना मी पाहतो. पोटापाण्यासाठी मी विजेच्या सामानाचे दुकान चालवतो, त्यामुळे हे पत्र निम्मे नाटकवाल्याचे आणि निम्मे वायरमनचे आहे, हे आधीच सांगून टाकतो.

खानदेशात नाटक म्हटले की जळगाव आणि धुळे या शहरांकडे पाहिले जाते. तालुक्यांत मात्र एकांकिका, अहिराणी एकपात्री, काव्यवाचन, वहीगायन (खानदेशातला लोकगायनाचा प्रकार) हे सारे होते ते शंभर-दीडशे खुर्च्यांच्या सभागृहात, आणि तेही पांढऱ्या ट्यूबलाइटखाली. १९५२ नंतर थेट २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा झगमगाट पुष्कळ पाहिला. पण मांडवातले दिवे मांडवाबरोबर जातात. प्रत्येक तालुक्याला नाट्यगृह बांधून द्या, अशी मागणी मी करणार नाही. जे दिवे छताला आधीच लागलेले आहेत, त्यांच्याबद्दलच मला बोलायचे आहे.

आमच्या गावातील सार्वजनिक सभागृहाचे तीन वर्षांपूर्वी नूतनीकरण झाले. चित्रप्रदर्शने भरावीत म्हणून दोन्ही लांब भिंतींपासून तीन-तीन फुटांवर छताला काळ्या ट्रॅकच्या पट्ट्या बसवल्या आणि प्रत्येक पट्टीवर ३० वॅटचे सहा एलईडी दिवे लावले. सभागृह २४ फूट रुंद, छत १३ फूट उंच, आणि एका टोकाला १८ फूट रुंदीचा, दीड फूट उंचीचा रंगमंच. रंगमंचावर मात्र डोक्यावर बरोबर मधोमध चार ट्यूबलाइट. वरून सरळ खाली पडणाऱ्या प्रकाशात नटाचे कपाळ आणि नाक उजळते, डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबण्या दिसतात, आणि तिसऱ्या रांगेतल्या प्रेक्षकाला नट रडतो आहे की हसतो आहे, हे आवाजावरूनच ताडावे लागते.

चेहरा नीट दिसावा यासाठी प्रकाश समोरून, दोन्ही बाजूंनी आणि साधारण ४५ अंशांच्या कोनातून यावा, हा रंगमंचावरचा जुना नियम आहे. आम्ही भिंतींकडे तोंड करून असलेले दिवे पट्टीवरून सरकवून रंगमंचाच्या कडेपासून पाच फुटांवर आणले आणि आतल्या बाजूला वळवले. पट्टीच्या बाजूला उभ्या असलेल्या नटाला जवळजवळ ४५ अंशांचा कोन मिळतो. मधोमध उभ्या असलेल्याला तो ३० अंशांपेक्षाही थोडा कमी पडतो आणि मागच्या पडद्यावर सावली जाते. म्हणून पडदा दोन फूट मागे सरकवला आणि नटांना त्याच्यापासून लांब राहायला सांगितले. आदर्श मांडणी ही नव्हे, पण डोळे दिसू लागले.

पुढची अडचण वर्तुळांची होती. हे दिवे २४ अंशांचे आहेत, म्हणजे त्यांचा झोत तेवढ्याच कोनात पसरतो. चित्रावर नेमका झोत टाकायला ते योग्य. आमच्या अंतरावर, म्हणजे सुमारे चार मीटरवर, असा दिवा जेमतेम साडेपाच फुटांचे वर्तुळ देतो. एका बाजूचे तीन दिवे ओळीने लावले तरी १८ फूट भरत नाहीत, आणि नट चालू लागला की दर दोन पावलांनी उजेडातून अंधारात व अंधारातून उजेडात जातो. सभागृहाच्या वायरमनने तालीम पाहून एका वाक्यात निकाल दिला : ‘‘भाऊ, हाऊ लाइट फोटूसाठे शे, मानूससाठे नही.’’ त्याचे निदान बरोबर होते. तेच दिवे ३६ अंशांचे असते तर साडेआठ फुटांचे वर्तुळ पडले असते आणि तीन दिव्यांची वर्तुळे एकमेकांवर चढून सलग उजेड मिळाला असता. आम्ही दिव्यांच्या तोंडावर फ्रॉस्टचे जिलेटीन (उजेड पसरवणारा, दिव्यांसाठीचा धुरकट पातळ कागद) लावले; त्याने कडा विरघळल्या आणि वर्तुळे पसरली, पण उजेड थोडा घटला. ट्रेसिंग पेपर किंवा पतंगाचा कागद मात्र कोणी लावू नये; तो पेट घेऊ शकतो.

खरी गंमत पुढेच आहे. छतावरचा ट्रॅक तीन सर्किटचा, म्हणजे एकाच पट्टीत विजेच्या तीन वेगळ्या वाटा असलेला निघाला. या प्रकारच्या ट्रॅकवर प्रत्येक दिव्याच्या अडॅप्टरला एक छोटी कळ असते. ती फिरवून दिवा पहिल्या, दुसऱ्या की तिसऱ्या सर्किटवर चालावा हे ठरवता येते. म्हणजे समोरचा उजेड एका बटणावर, बाजूचा दुसऱ्यावर आणि एकट्या नटावरचा झोत तिसऱ्यावर. इतकी सोय विकत घेऊन झाल्यावर जोडणी करताना तिन्ही तारा एकत्र पिळून एकाच बटणाला जोडल्या होत्या! आम्ही रीतसर परवानगी घेऊन, परवानाधारक वायरमनकडून, पाइपातून आणखी दोन वायरी ओढून घेतल्या आणि तीन वेगळे एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारे स्विच) बसवले. एका दुपारचे काम होते.

उजेड हळूहळू मंद करणे मात्र जमले नाही. आमच्यातल्या एका उत्साही मित्राने पंख्याचा रेग्युलेटर जोडून पाहिला. दिवे मंद होण्याऐवजी लुकलुकू लागले आणि गुणगुणू लागले. विजेची लहर कापून आली तरी दिव्याच्या आतला साधा ड्रायव्हर, म्हणजे वीज पुरवणारा भाग, एलईडीला ठरलेला प्रवाह देण्याची धडपड करतो, म्हणून असे होते. मंद होणारा ड्रायव्हर दिवा घेतानाच मागावा लागतो.

हे सगळे बारा दिव्यांत, म्हणजे एकूण ३६० वॅटमध्ये झाले. भाड्याने आणलेले सहा ‘पार’ (रंगमंचाचे जड, तापणारे दिवे) प्रत्येकी १००० वॅटचे; त्यांना ६००० वॅट लागतात, आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर असताना ती भट्टी डोक्यावर घेऊन नट उभे करणे हा छळ आहे. ३६० वॅटचा भार घरगुती इन्व्हर्टरही उचलतो. लग्नसराईत वीज गेली तरी प्रयोग थांबत नाही.

प्रयोग झाला. दिव्यांच्या मूळ जागा आम्ही ट्रॅकवर खडूने खुणा करून ठेवल्या होत्या. रात्रीच शिडी लावून प्रत्येक दिवा परत भिंतीकडे वळवला. तरीही आठवड्याने पत्र आले की, परवानगी वायरिंगची होती, दिव्यांची दिशा बदलण्याची नव्हती, सबब अनामत रक्कम परत मिळणार नाही. ज्या दिव्याची रचनाच सरकवण्यासाठी आणि वळवण्यासाठी केलेली आहे, तो वळवणे हा नियमभंग ठरला. त्या कार्यालयावर माझा राग नाही. वळवू द्यावे असे कोठे लिहिलेले नसेल, तर फाइल सांभाळणारा माणूस ‘नाही’ हेच लिहिणार.

म्हणून आपणांस विनंती आहे की, सार्वजनिक सभागृहांतील ट्रॅकलाइट कार्यक्रमासाठी सरकवता व वळवता येतील, आणि ते सभागृहाच्या वायरमनसमोर पूर्ववत करून द्यावे लागतील, असे एक साधे परिपत्रक आपल्या विभागाने संबंधितांशी बोलून काढावे. नवीन सभागृहाचे किंवा दुरुस्तीचे अंदाजपत्रक होताना रंगमंचाच्या कडेपासून सहा-सात फुटांवर, रंगमंचाला समांतर, एक आडवी पट्टी धरावी. आमची सगळी कसरत ती पट्टी नसल्यामुळेच झाली. ट्रॅक तीन सर्किटचा असेल तर तिन्ही सर्किटे वेगळ्या बटणांवर आणल्याशिवाय काम पूर्ण झाल्याचा दाखला देऊ नये. दिव्यांपैकी निम्मे तरी ३६ अंशांचे, मंद होणाऱ्या ड्रायव्हरचे आणि उबदार उजेडाचे, म्हणजे ३००० केल्विनचे असावेत, कारण पांढऱ्याफटक उजेडात मेकअप केलेला चेहरा आजारी दिसतो. वेगवेगळ्या प्रकारच्या ट्रॅकचे अडॅप्टर एकमेकांत बसत नाहीत, हे ध्यानात घेऊन दोन-तीन जादा दिवे त्याच खरेदीत घ्यावेत.

सुरक्षिततेची चिंता रास्त आहे, तेव्हा त्याच परिपत्रकात हेही असावे : ट्रॅक हलक्या दिव्यांसाठी असतो, त्याला जड पार कोणीही लटकवू नये, दिवा काढताना-लावताना एमसीबी बंद असावा, अर्थिंग तपासलेले असावे आणि त्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा.

येत्या हिवाळ्यात त्याच सभागृहात आमची अहिराणी एकांकिका आहे. परवानगीचा अर्ज दिला आहे; त्यात या वेळी ‘दिव्यांची दिशा बदलणे’ हे शब्द ठळक अक्षरांत लिहिले आहेत. अर्जाचा निर्णय होण्यापूर्वी परिपत्रक निघाले, तर पहिल्या प्रयोगाला आपण अवश्य यावे.

आपला नम्र,
एका हौशी नाट्यसंस्थेचा प्रकाशयोजनाकार,
खानदेश