हजेरीची वही आपली आपण ठेवा

महोदय,

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत ठेकेदारामार्फत कंपनीत लागणाऱ्या बायकांनी कामाची नोंद स्वतः ठेवावी, असे आम्ही कळकळीने सांगतो. आत-बाहेरच्या वेळेची मशीनवरची नोंद (पंचिंग) कंपनीकडे, हजेरीपट (मस्टर) ठेकेदाराकडे. ठेकेदार बदलला की दोन्ही हातचे जाते.

शंभर पानी वही पुरते. सुटी पाने नकोत, ती हरवतात आणि मागाहून लिहिल्याचा संशयही येतो. त्याच दिवशी, पेनाने लिहा: तारीख, आत-बाहेरची वेळ, मशीन, किती नग, सुपरवायझर कोण. चुकले तर एक रेघ मारून शेजारी लिहा, व्हाइटनर लावू नका. ओव्हरटाइमला वेगळा रकाना हवाच. त्याचा दर कायद्याने दुप्पट आहे. पण पगारपत्रकात पुष्कळदा तो ‘इन्सेंटिव्ह’ म्हणून साध्या दराने दाखवतात, आणि तास लिहिलेले नसतील तर हिशेब मांडताच येत नाही. प्रेस मशीनमध्ये बोट सापडले तेव्हा हात आत असताना मशीन थांबवणारा सेन्सर बंद होता, तर हे वेळेसकट लिहा. सेन्सर दुसऱ्या दिवशी दुरुस्त होतो आणि चूक बाईची ठरते.

ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) 0.75 टक्के पगारातून कापले म्हणजे भरलेच असे नाही. प्रसूती लाभासाठी आधीच्या दोन अंशदान कालखंडांत (वर्गणीच्या सहा-सहा महिन्यांत) मिळून किमान 70 दिवस भरावे लागतात, म्हणून ईएसआयच्या पोर्टलवरचे दिवस दर महिन्याला वहीशी ताडून पाहा. आधार आणि पीएफमधले नाव माहेर-सासरमुळे जुळत नसेल, तर नोकरी चालू असतानाच दुरुस्त करून घ्या. दुरुस्तीला ठेकेदाराची सही लागलीच, तर तो निघून गेल्यावर ती आणायची कुठून?

– काही कामगार महिला, अंबड, नाशिक