दुःखाच्या आड दडलेला आजार : सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांस खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : घरात मृत्यू झाल्यावर मागे राहिलेल्यांमधील नैराश्याच्या आजाराची वेळेवर ओळख होण्याबाबत

महोदय,

माझी आई गेली तेव्हा तिच्या जाण्याने सर्वांत जास्त खचलेली दोन माणसे आमच्या घरात होती, माझी मावशी आणि माझे वडील, अण्णा. मावशीने आईचा मिसळणाचा डबा नुसता उघडला तरी तिला हुंदका येई. पण थोड्या वेळाने तीच, लहानपणी दोघींनी मिळून चिंचा कशा चोरल्या होत्या, हे सांगताना खळखळून हसे आणि हसता हसता पुन्हा डोळ्यांना पदर लावी. अण्णा रडले नाहीत. निवृत्त शिक्षकाच्या शिस्तीने त्यांनी तेराव्यापर्यंतचे सारे विधी पार पाडले आणि त्यानंतर हळूहळू सगळ्यातूनच अंग काढून घेतले. पहाटे तीनला त्यांना जाग येई आणि उजाडेपर्यंत ते ओट्यावर बसून राहत. वर्तमानपत्राची घडी मोडली जात नसे, चहावर साय धरे, आणि ज्या नातवासाठी ते एसटी स्टँडवर तासभर आधी जाऊन थांबत, तो मांडीवर येऊन बसला तरी त्यांची नजर हलत नसे. दोन महिन्यांत सदरे अंगावर लोंबू लागले. एके दिवशी ते म्हणाले, "मी कुणाच्याच कामाचा उरलो नाही, मला कशाला खायला घालता?"

हे आम्ही दुःख समजलो. जोडीदार गेला की माणूस असाच खचतो, असे येणारा-जाणारा सांगत होता आणि आम्हालाही ते पटत होते. सरकारी दवाखान्यात भूक आणि झोप नसल्याची तक्रार सांगितल्यावर रक्तदाब पाहिला गेला, सलाईन लावले गेले, ताकदीची इंजेक्शने मिळाली. मनाबद्दल कोणी एक शब्दही विचारला नाही. असे आठ महिने गेले.

मावशीच्या आणि अण्णांच्या अवस्थेतला फरक मला फार उशिरा कळला, म्हणून तो येथे सविस्तर मांडते. शोक लाटांसारखा येतो. आठवण निघाली की उसळतो, ओसरतो, आणि मध्ये माणूस जेवतो, बोलतो, कोणी जवळ घेतले तर त्याला बरेही वाटते. नैराश्याच्या आजारात ओहोटी अशी नसतेच. आठवणीचे निमित्त असो वा नसो, दिवसाचा बराचसा वेळ, जवळजवळ रोज, मन तसेच राहते आणि पूर्वी आवडणाऱ्या कशातच गोडी उरत नाही. शोकातल्या माणसाला अपराधी वाटते ते बहुधा गेलेल्या माणसापुरते, की वेळेवर मोठ्या दवाखान्यात न्यायला हवे होते. आजारी माणसाला स्वतःचे असणेच ओझे वाटू लागते. "तिच्याकडे जावेसे वाटते" आणि "माझी जगायची लायकी नाही" ही दोन वाक्ये वरवर सारखी वाटली तरी दुसऱ्या वाक्याला त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचवले पाहिजे. पहिल्या वाक्यानंतरही थेट प्रश्न विचारलाच पाहिजे.

दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात, आणि खरी अडचण तीच आहे. मनोविकारांच्या 1994 च्या अमेरिकी निदानपुस्तिकेत मृत्यूनंतरचे पहिले दोन महिने नैराश्याचे निदान सहसा टाळावे असे होते. 2013 च्या आवृत्तीत ती सूट काढून टाकण्यात आली. साध्या शोकालाही आजाराचे लेबल लागेल, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. तो मला रास्त वाटतो. मावशीला कोणी गोळ्या लिहून दिल्या असत्या तर ती चूकच झाली असती. पण घरात मृत्यू झाला आहे एवढ्याच कारणाने अण्णांना कोणी तपासले नाही, हीदेखील चूकच होती, आणि आपल्याकडे खेडोपाडी हीच चूक अधिक घडते असे मला वाटते. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे पंच्याऐंशी जण उपचारांविना होते.

अखेर जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञांनी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घेतले आणि मरणाचे विचार येतात का, हे अण्णांना सरळ विचारले. अण्णा "हो" म्हणाले. आठ महिन्यांत हा प्रश्न त्यांना प्रथमच विचारला गेला होता. गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, तोवर त्यांना एकटे सोडू नका, असे आम्हाला बजावण्यात आले. पाचव्या आठवड्यात अण्णा म्हणाले, "चहात साखर कमी आहे." त्यानंतर काही दिवसांनी आईच्या चष्म्याचे घर हातात घेऊन ते पहिल्यांदा रडले. आजार हटला तेव्हा कुठे त्यांना दुःख करता आले.

महोदय, मी नवी योजना मागत नाही. तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी आशाताई घरोघरी जो सीबॅक फॉर्म (आजारांचा धोका ओळखण्यासाठीची प्रश्नावली) भरतात, त्यात मागील दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का आणि मन उदास किंवा हताश होते का, हे दोन प्रश्न आहेतच. गावातील मृत्यूची माहितीही त्याच कळवतात. या दोन कामांची सांगड घालावी. ज्या घरात मृत्यू झाला तेथे पाहुणे परतल्यावर, म्हणजे साधारण दीड महिन्याने आणि पुन्हा सहा महिन्यांनी, आशाताईंनी जावे, हे दोन प्रश्न विचारावेत आणि या भेटींचा त्यांना स्वतंत्र मोबदला मिळावा, कारण विनामोबदला वाढवलेले काम कागदावरच राहते. शोक आणि आजार यांतला फरक वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात प्रत्यक्ष उदाहरणांसह शिकवला जावा, आणि नैराश्यावरील नेहमीची औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात अखंड मिळावीत. मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा 2017 च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, परंतु अण्णांसारखा माणूस आपणहून फोन उचलणार नाही. त्याच्या ओट्यापर्यंत कोणीतरी जावेच लागेल.

मृत्यूनंतरच्या या दोन भेटींचा आदेश आपल्या विभागाने काढावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एका निवृत्त शिक्षकाची मुलगी