रेस्टरूम म्हणे!

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या महिन्यात सासूबाईंना घेऊन इथल्याच, सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात गेलतो. सोनोग्राफीसाठी तांब्याभर पाणी प्यायला लावलेलं, ती झाल्या झाल्या त्यांना घाई लागली, मी बिलाच्या लाइनीत, म्हातारी बिचारी सगळा मजला फिरून परत आली. पाटी होती की, पण इंग्लिशमध्ये, रेस्टरूम. तिथल्या पोरीला विचारलं तर ती म्हणली, "आजी, वॉशरूम तिकडंय." सासूबाई म्हणल्या, "अगं बाई, मला हात नाही धुवायचे!"

आता त्या पोरीला काय बोलणार, हा घोळ मूळचा साहेब लोकांचाच आहे. अमेरिकेत बाहेर रेस्टरूम आणि घरात बाथरूम, मग आत आंघोळीची सोय असो नसो. कॅनडात वॉशरूम. इंग्लंडमध्ये लू नाहीतर सरळ टॉयलेट, आणि तेच टॉयलेट अमेरिकेत म्हणलं की लोकांच्या डोळ्यापुढं डायरेक्ट भांडंच येतं म्हणून ते तोंड वाकडं करतात. फिलिपाइन्समध्ये सीआर, म्हणजे कम्फर्ट रूम, आणि जहाजावरचे लोक तर हेड म्हणतात! टॉयलेट हा शब्द पण फ्रेंचमधनं आला तेव्हा लहानसं कापड होता (चादरीच्या गावात हे सांगायला काय हरकत), मग नटायच्या टेबलावरचं कापड, मग नटणं, मग नटायची खोली आणि शेवटी हे. आपल्या सरकारी पाटीवरचं प्रसाधनगृह पण तसलंच, प्रसाधन म्हणजे नटणंच ना.

आपल्यात तरी कुठं सरळ आहे म्हणा. "बाथरूमला जाऊन येतो" म्हणलं की एक नंबर, लॅट्रिन म्हणलं की दोन नंबर, हे शाळेतल्या पोरालाही कळतं पण इंग्लंडच्या माणसाला नाही कळणार, तो आंघोळीचा टॉवेल आणून देईल. मिलच्या चाळीत वाढलेल्या माणसाला मोरी घरात आणि संडास चाळीच्या टोकाला, दोन्ही एका खोलीत ही कल्पनाच नवीन. अक्कलकोटकडचे आमचे कन्नड पाहुणे कक्कसु म्हणतात, तो शब्द डच लोकांचा आहे म्हणे, पण म्हातारी माणसं सुद्धा बिनधास्त वापरतात आणि कुणाचं काही अडत नाही.

माझं म्हणणं एवढंच की दवाखाना असो, एसटी स्टँड असो, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर असो, पाटीवर 'संडास' आणि 'मुतारी' असं मोठ्या अक्षरात लिहा, खाली कन्नड आणि तेलुगूत पण लिहा, कारण इथं बरीच गर्दी त्या भाषांची असते. लाज वाटत असेल तर 'शौचालय' लिहा, ते पण चालेल. आणि ते टोपी न् पंख्याचं चित्र काढू नका, त्यातला बाप्या कुठला आणि बाई कुठली हे मला पण कळत नाही.

सासूबाई आता त्या दवाखान्यात निघताना घरनंच जाऊन येतात, आणि तिथं पाण्याला तोंड लावत नाहीत.

— एक जावई, सोलापूर