औषध न विकल्याबद्दल आभार

अण्णा, नमस्कार.

ऐन गर्दीच्या वेळी मक्याची दोन ताटं खांद्यावर टाकून मी सोलापूरला तुमच्या दुकानात आलो आणि भारीतलं बुरशीनाशक मागितलं. तुम्ही ते दिलं नाहीत. त्याबद्दल हे जाहीर आभार.

ज्यांना प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाद्रपदात काळ्या रानात पाणी तुंबलं, वरून उकाडा. तुऱ्यावर आलेल्या मक्याचे शेंडे मलूल पडले, बुडाची कांडी तपकिरी, लिबलिबीत झाली. पोंगा ओढला की अलगद हातात यायचा. वास असा की म्हशी तोंड लावीनात.

तुम्ही चहाचा काचेचा ग्लास पाण्यानं भरलात. सडका भाग संपतो तिथला पातळ काप काढून त्यात धरलात. थोड्या वेळानं कापातून दुधाच्या धारेसारखं पांढुरकं काहीतरी पाण्यात उतरू लागलं. "बुरशी नाही, जिवाणू आहे. बुरशीनाशकाचे पैसे पाण्यात जातील." गिऱ्हाईक समोर उभं असताना असं बोलणारे दुकानदार किती?

ही जिवाणूजन्य खोडकूज, डिकेया झी नावाच्या जिवाणूची. तो आधीच्या पिकाच्या धसकटांत तग धरतो, पाण्याबरोबर फिरतो आणि अळीच्या भोकातून, कोळप्याच्या जखमेतून नाहीतर पानांच्या रंध्रांतून आत शिरतो. ३०-३५ अंश तापमान आणि दमट हवा मिळाली की ताट बघता बघता आडवं.

तुम्ही दोनच गोष्टी सांगितल्या. आधी चर काढ. मग ३३ टक्के क्लोरीनची ब्लिचिंग पावडर, हेक्टरी १० किलो म्हणजे एकरी ४, पाण्यात कालवून फुलोऱ्याआधी बुडाशी आळवणी; युरियात मात्र चुकूनही मिसळायची नाही. माझं मत विचाराल तर गुण जास्त चराचाच. आडवी झालेली ताटं काही उठली नाहीत, ती उपटून रानाबाहेर पुरली. उरलेल्यांना कणसं धरली.

पुढच्या खरिपात मक्यावर मका नाही, सरी-वरंब्यावर टोकण, युरिया हप्त्यानं आणि जोडीला पोटॅश. हेही तुमचंच.

एक विनंती. आमच्या खालच्या अंगाचे दोघे अशीच ताटं घेऊन तुमच्याकडे येतील. चर मी ओढ्यालाच सोडलाय, पण पावसाचं पाणी बांध कुठं बघतं! त्यांनाही ग्लास दाखवा. माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

आपला,
मोहोळ तालुक्यातला एक मकावाला